दुसरं पाऊल

बॅकहँडच्या कोपऱ्यात वळून फोरहँड मारायचा आणि लगेच उजवीकडे उघड्या पडलेल्या कोपऱ्यात पोचायचं, याला टेबल टेनिसमध्ये दोन पावलं लागतात. माझं पहिलं पाऊल अजून वेळेवर पडतं. दुसऱ्याला गेल्या दोन वर्षांपासून उशीर होतोय. उशीर किती, तर चेंडू रबराच्या मधोमध लागायचा तो कडेला लागतो, एवढाच. समोरचीला ते दिसत नाही. तिला वाटतं, शॉट बाहेर गेला. मला मात्र त्या ठोक्याच्या आवाजावरून कळतं की हात चुकलेला नाही, पाय पोचलेले नाहीत.

जीवाला लागते ती वेगळीच गोष्ट. विशीत मला सर्व्हिस जेवढी वाचता येत नव्हती, तेवढी आज येते. समोरचीचं मनगट कसं फिरलं, चेंडू बॅटीच्या खालून गेला की बाजूने, खांदा किती उघडला, हे बघून चेंडू कुठे पडणार ते मला आधीच माहीत असतं. समज पूर्ण पिकली, आणि नेमकं तेव्हाच शरीर तिच्यामागे यायला कुरकुरू लागलं.

मी चोपन्न वर्षांची आहे. जिल्ह्याच्या व्हेटरन्स स्पर्धेचा अर्ज आठवडाभर किटबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात घडी घालून पडलाय. गुडघ्याचा एमआरआय बघून डॉक्टरांनी खेळू नका असं म्हटलं नाही. किती खेळायचं ते तुम्हीच ठरवा, असं म्हटलं. ते जास्त अवघड होतं.

या दिवसांत मला सारखा भारताचा टेबल टेनिसपटू शरत कमल आठवतो. 2025च्या मार्चअखेरीस चेन्नईत तो शेवटची स्पर्धा खेळला, त्याच्या स्वतःच्या गावात. तो सामना आम्ही क्लबच्या हॉलमध्ये सराव थांबवून एका फोनवर पाहिला. पाच-सहा जणी, डोक्याला डोकं लावून. समोर होता स्नेहित सुरवज्जुला, शरतच्या किती तरी नंतरच्या पिढीतला भारतीय मुलगा. सरळ तीन गेममध्ये शरत हरला. माझ्या शेजारची मैत्रीण हळहळली, ‘घरच्या मैदानावर तरी जिंकायला हवा होता गं.’

मला तसं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही याचा मी बरेच दिवस विचार करतेय.

मुंबईच्या क्रिकेटमधून आलेली एक शिकवण आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. लोक ‘अरे, का थांबलास?’ असं विचारत असतानाच थांबावं, ‘अजून का थांबत नाही?’ असं विचारायची वेळ आणू नये. सुनील गावसकर 1987मध्ये बंगळूरच्या फिरकी घेणाऱ्या खेळपट्टीवर शेवटच्या कसोटीत 96 धावा करून बाहेर पडले, तेव्हा या शिकवणीला देखणं उदाहरण मिळालं. मी शाळेत होते. आमच्या घरी त्या 96 धावांबद्दल देवाच्या गोष्टीसारखं बोललं जाई. पण ही शिकवण बघणाऱ्यांच्या सोयीची आहे असं मला आता वाटतं. आपल्या मनातलं चित्र डागाळू नये, म्हणून खेळणाऱ्याने वेळेत निघून जावं. खेळणाऱ्याला स्वतःला आणखी दोन वर्षं हरत हरत का होईना खेळायचं असेल, तर त्या इच्छेला या हिशेबात जागाच नाही.

शरत शिखरावर थांबणार असता, तर 2022च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला थांबला असता. वय चाळीस. राष्ट्रकुल स्पर्धेत सांघिक सुवर्ण, श्रीजा अकुलाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण, साथियनबरोबर दुहेरीचं रौप्य आणि शेवटच्या दिवशी इंग्लंडच्या लियाम पिचफोर्डला त्याच्याच देशात हरवून एकेरीचं सुवर्ण. एकेरीचं पहिलं सुवर्ण त्याने 2006मध्ये मेलबर्नला जिंकलं होतं. मधे सोळा वर्षं. याहून चांगला शेवट कोणी लिहूनही देणार नाही. तो पुढे खेळत राहिला. 2024मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला सीन नदीवरच्या होडीत बॅडमिंटनच्या सिंधूबरोबर तिरंगा धरून उभा राहिला, आणि एकेरीच्या पहिल्याच फेरीत स्लोव्हेनियाच्या खेळाडूकडून हरला. ज्यांना शिखर प्रिय त्यांना हे खटकलं असेल. मला त्यात एक माणूस दिसला ज्याला खेळ आवडतो. जिंकणं तर आवडतंच, पण खेळसुद्धा.

शिवाय या माणसाच्या कारकिर्दीत खेळच किती वेळा बदलला! चेंडू 38 मिलिमीटरचा होता, तो 2000मध्ये 40चा झाला. पुढच्या वर्षी गेम 21 गुणांवरून 11वर आला. मग सर्व्हिस करताना हाताआड चेंडू लपवायला बंदी आली. 2008मध्ये स्पीड ग्लू गेला, 2014मध्ये सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला. मी यातल्या पहिल्या दोन बदलांतच दमले. एकवीसच्या गेममध्ये पाच-पाच सर्व्हिस मिळायच्या, माणसाला स्थिरावायला वेळ असायचा. सामन्याआधी प्रत्येकजण ब्रशने रबराला ग्लू लावत बसलेला, हॉलभर तो उग्र वास. अकराच्या गेममध्ये दोनच सर्व्हिस, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर 7-3. शरतने प्रत्येक वेळी आपला खेळ उसवला आणि पुन्हा शिवला. कमलेश मेहतांच्या आठ राष्ट्रीय विजेतेपदांचा विक्रम एके काळी कोणी मोडेल असं वाटत नव्हतं. शरत दहापर्यंत गेला, आणि दहावं त्याला एकोणचाळिसाव्या वर्षी मिळालं.

थांबण्याचे आणखीही प्रकार आहेत. माझे वडील चौदा वर्षांचे असताना 1952ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, ब्राबोर्न स्टेडियमवर. त्यांनी तिथे हिरोजी सातोला पाहिलं. चष्मा लावलेला, शिडशिडीत जपानी तरुण, बॅटीवर जाड स्पंज. वडील म्हणायचे, ‘चेंडू लागल्याचा आवाजच यायचा नाही.’ तोवरचे खेळाडू टकटक ऐकून चेंडूचा अंदाज घ्यायचे, त्यांचे कानच बंद झाले. सातो जगज्जेता झाला आणि पुन्हा कधीच झाला नाही. एक स्पर्धा आणि इतिहासात नाव. दुसऱ्या टोकाला नी शियालियान. 1983मध्ये चीनसाठी जगज्जेती, नंतर लक्झेंबर्गची, आणि पॅरिसला वयाच्या 61व्या वर्षी ऑलिंपिकमध्ये पहिली फेरी जिंकलेली. दुसऱ्या फेरीत सुन यिंगशाने तिला हरवलं, जी तेव्हा तेवीस वर्षांची होती. नीचा खेळ मी पुन्हा पुन्हा पाहते. डावखुरी, पेनहोल्ड पकड, एका बाजूला लांब दाण्यांचं रबर. ती जवळजवळ हलत नाही. समोरचीची फिरकी उलटी करून परत पाठवते आणि समोरचीलाच पळवते. दुसरं पाऊल लागणारच नाही असा खेळ तिने रचलाय.

माझ्याकडे तेवढी बुद्धी नाही. मी टॉपस्पिनवर वाढलेली, पायांवर खेळणारी.

खरं सांगायचं तर मी एकदा निवृत्त झालेली आहे, फक्त ते कोणाला कळलं नाही. आमच्या पिढीला खेळावर नोकरी मिळायची. पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे, एलआयसी, बँका. मला बँकेत मिळाली. सकाळी सराव, दुपारी ऑफिसात सही, स्पर्धेच्या दिवसांत रजा. एकतिसाव्या वर्षी मुलगी झाली. परत आले तेव्हा संघाच्या यादीत माझं नाव नव्हतं. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. सोमवारी मला काउंटरवर बसवलं आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान मुलाने पासबुक कसं भरायचं ते शिकवलं. चांगला मुलगा होता. पण संध्याकाळचे सहा वाजले की उजव्या हाताची बोटं पेनाभोवती बॅटीच्या पकडीत जायची. वर्षभर जात होती. देशात असे शेकडो खेळाडू असतील ज्यांची निवृत्ती म्हणजे एका यादीत नसलेलं नाव. निरोपाचा सामना फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

म्हणूनच चेन्नईचा तो सामना मला पुरा वाटला. शरत थांबायचं ठरवून मैदानात उतरला होता, आणि तरी प्रत्येक गुण जिंकायला खेळला. स्नेहितनेही हात आखडता घेतला नाही. निरोपाचा दिवस आहे म्हणून एक गेम सोडून दिला असता, तर तो अपमान झाला असता. थकलेल्या विजेत्याकडे खालच्या पिढीला द्यायला जे काही असतं, त्यात हेही आहे, की मी पूर्ण जोर लावतो, तू मला हरव. ज्याला हे मिळत नाही त्या मुलाला आपण कुठे उभे आहोत ते उमगायला फार वर्षं लागतात. मोठ्याने लवकर दार लावून घेतलं तर धाकट्याने धडक द्यायची कशाला?

आपल्या भाषेत निवृत्ती हे ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचं, त्यांच्या गुरूचं नाव आहे. लहानपणापासून ऐकलेला हा शब्द पेन्शनच्या कागदांवर वाचताना मला प्रत्येक वेळी थोडं थांबायला होतं. बाजूला होणं आणि शिकवणं या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच नावात बसल्यात.

पण शिकवणं सोपं नसतं. क्लबमध्ये एक चौदा वर्षांची मुलगी येते. जूनमध्ये ती माझ्याकडून 11-4, 11-6 अशी हरायची. दिवाळीनंतर मी तिच्याकडून हरायला लागले. ती माझा उघडा कोपरा बरोबर हेरते, आणि मोठ्या बाईला पळवू नये असला संकोच तिच्यात नाही, हे मला फार आवडतं. परवा हरल्यावर मी नेटजवळ टेबलाच्या कडेवर तळव्याचा घाम पुसत होते. ती आली आणि म्हणाली, ‘काकू, तुमची ती सर्व्हिस, जी आखूड वाटते आणि आत येते, ती कशी करता?’

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे शब्दच नव्हते. चाळीस वर्षं ती सर्व्हिस मी करतेय. मनगटाला ठाऊक आहे, मला नाही. बोट कधी सैल सोडते, चेंडूला खालून स्पर्श करते की बाजूने, श्वास कधी घेते, काहीच सांगता येईना. घरी येऊन रात्री आरशासमोर उभी राहिले, हातात बॅट, चेंडू नाही, आणि स्वतःच्या मनगटाकडे परक्यासारखं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चेंडूंची बादली घेऊन टेबलाशी गेले. ती माझ्या उजव्या खांद्यामागे उभी राहिली. मी एक सर्व्हिस केली, मग तीच अर्ध्या वेगाने, मग आणखी सावकाश. सावकाश करताना ती बिघडत होती, चेंडू जाळ्यात जात होता. सतराव्या की अठराव्या वेळी मला जाणवलं की चेंडू लागायच्या क्षणभर आधी माझी करंगळी दांड्यावरून सुटते. इतकी वर्षं सुटत होती.

‘दिसलं?’ मी विचारलं.

ती पुढे वाकली. ‘काकू, परत एकदा. हळू.’