बगदादचा कौली

आमच्या कोकणात बसरा कुणाला परका नाही. ज्या आजी-नानींनी कधी खाडीपलीकडचा डोंगर ओलांडला नाही, त्यांच्याही तोंडी बसऱ्याचे मोती आणि बसऱ्याचा खजूर असायचा. घराघरातून माणसं जहाजावर गेलेली. कुणी खलाशी, कुणी तांडेल, कुणी सारंग. बसऱ्याहून वर बगदादकडे जाणाऱ्या नदीला आमची माणसं दजला म्हणत. शाळेच्या भूगोलात तिचं नाव तैग्रिस होतं. एकाच पाण्याची ही दोन नावं मला नेहमी आठवतात ती एका माणसामुळे. त्याचं नाव चार्ल्स हेन्री कौली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या नदीवरल्या आरमारात तो अधिकारी होता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पण मला त्याच्या शौर्यापेक्षा त्याच्या जन्मगावात जास्त रस आहे. तो बगदादचा होता.

नदीवरची लढाई समुद्रावरच्या लढाईसारखी नसते. दजला उन्हाळ्याअखेर इतकी उथळ होते की मोठं जहाज तिथं फिरकूच शकत नाही. आणि वरच्या डोंगरातलं बर्फ वितळलं की हीच नदी काठ सोडून शेतांत शिरते. वाळूचे दांडे जागा बदलतात, पात्र नागासारखं वळतं. म्हणून ब्रिटिशांनी जेमतेम दोन-तीन फूट पाण्यात तरंगणाऱ्या लहान तोफनौका बांधल्या. त्या सुट्या भागांत आणून अबादानला जोडल्या. नौका मिळाल्या, तोफा मिळाल्या. पण पाणी वाचणारा माणूस लंडनहून मागवता येत नाही. तो त्याच काठावर मुरलेला असावा लागतो.

कौली तसा होता. जन्म १८७२ चा, बगदादमधला. बाप लिंच कंपनीच्या आगबोटीवर कप्तान. ही कंपनी तुर्कांच्या परवानगीनं, पण ब्रिटिश निशाणाखाली बसरा ते बगदाद बोटी चालवायची. शिक्षण इंग्लंडात झालं, पण चार्ल्स परत आला तो याच नदीवर, बापाच्याच कंपनीत. पुढं 'मजीदिये' या बोटीचा कप्तान झाला. अरबी अस्खलित. काठावरचे शेख त्याला ओळखत, आणि कुठल्या वळणावर सुकाणू किती धरायचं हे त्याला डोळे मिटून कळे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये युद्ध या प्रदेशात येऊन पोचलं. हिंदुस्थानातून आलेल्या फौजेनं त्याच महिन्यात बसरा घेतलं. कौली आपल्या बोटीसह ब्रिटिशांच्या कामी लागला आणि पुढं त्याला नौदलाच्या स्वयंसेवक दलात अधिकारपद मिळालं. तुर्कांनी त्याला 'बसऱ्याचा चाचा' ठरवलं. इथं चाचा म्हणजे काका नव्हे, समुद्री लुटारू. बगदादमध्ये जन्मलेला म्हणून तुर्क त्याला आपला प्रजाजन मानत. तेव्हा त्यांच्या लेखी तो शत्रू नव्हता, गद्दार होता. शत्रू सापडला तर कैदी होतो. गद्दाराला कैद नसते.

या नदीवर मरण कसं येई, ते त्याच्या एका सहकाऱ्यानं आधीच दाखवलं होतं. २८ सप्टेंबर १९१५ च्या रात्री कूतजवळ तुर्कांनी नदीत नावा आडव्या बांधून, तारांचे जाड दोर ताणून वाट अडवली होती. 'कॉमेट' तोफनौकेवरचा लेफ्टनंट कमांडर एडगर कुकसन अंधारात तिथं गेला. दोन्ही काठांवरून गोळीबार चालू. तोफेनं अडथळा फुटेना, तेव्हा त्यानं आपली नौका त्या नावेला भिडवली आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन दोर तोडायला उतरला. अनेक गोळ्या लागून तो तिथंच गेला. दुसऱ्या दिवशी तुर्क मागं हटले आणि कूत ब्रिटिशांच्या हाती आलं. कुकसन एकतिसाव्या वर्षी गेला. दजला त्याच्यासाठी नकाशावरची नदी होती.

फौज कूतवर थांबली नाही. नोव्हेंबरात ती मदाईनपर्यंत गेली. हजरत सलमान फारसींची मजार तिथलीच. तिथं चार हजारांहून अधिक माणसं मेली वा जखमी झाली आणि फौज मागं वळली. जखमींना ज्या बोटींवर कोंबून बसऱ्याला आणलं, त्यात मजीदियेही होती. तिच्या डेकवर माणसं जखमा न बांधता, स्वतःच्याच घाणीत पडली होती. हिंदुस्थानी वैद्यकीय सेवेतल्या एका डॉक्टरनं चौकशी आयोगापुढं तिचं वर्णन केलं आणि १९१७ साली विलायत हादरली. माघारीत 'कॉमेट' आणि 'फायरफ्लाय' या नौकाही गमवाव्या लागल्या. डिसेंबरात तुर्कांनी कूतला वेढा घातला.

वेढ्यात अडकली ती सहावी डिव्हिजन. तिचं नाव पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. म्हणजे पुणे-साताऱ्याकडचे शिपाई एकाच खंदकात उपाशी बसले होते. धान्य संपत आलं, घोडे कापायची वेळ आली. आम्ही कोकणातले शाफई, आमच्यात घोड्याचं मांस चालतं. दख्खनचे बहुतेक हनफी, त्यांच्यात ते मकरूह. हिंदू शिपायांचा प्रश्न निराळा, पण घास तसाच अडलेला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली, तरी कित्येकांनी बरेच दिवस ताटाला हात लावला नाही.

मुसलमान शिपायांच्या गळ्याला आणखी एक फास होता. समोर खलिफाची फौज होती, आणि इस्तंबूलहून जिहादचा पुकारा झालेला. फेब्रुवारी १९१६ मध्ये बसऱ्याला पंधराव्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी या पाक जमिनीवर लढायला नकार दिला. ते फ्रान्समध्ये लढून आले होते, भित्रे नव्हते. त्यांना शिक्षा झाल्या. बाकीचे हजारो मुसलमान शिपाई मात्र लढत राहिले. कोण बरोबर, कोण चूक, हे आज आरामखुर्चीत बसून ठरवणं सोपं आहे.

सुटकेसाठी आलेल्या फौजेनं तेवीस हजार माणसं गमावली, पण वेढा फुटेना. शेवटी ठरलं की एका बोटीतून धान्य आत न्यायचं. बोटीचं नाव 'जुलनार'. तिला लोखंडी पत्रे मारले, २७० टन माल भरला. कमान होती लेफ्टनंट हम्फ्री फर्मन याच्याकडं, वय २९. त्याच्याबरोबर वाट दाखवायला कौली; तो चव्वेचाळिशीचा. बरोबरचे खलाशी सगळे आपखुशीनं आलेले. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री त्या निघाल्या नदीतून, पुराच्या पाण्याविरुद्ध, रखडत. आवाज दडवायला मागून तोफा सुरू केल्या होत्या, पण काठावर तुर्क जागेच होते. फर्मन गोळ्यांनी मेला. मगासीसजवळ तुर्कांनी नदीत ताणलेल्या तारेत बोट अडकली आणि काठाला लागली. कूत तिथून काही मैलांवर राहिलं होतं.

जे वाचले ते कैद झाले. कौलीला त्यांच्यातून वेगळं काढलं आणि ठार केलं. पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, कूत शरण आलं. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिला. त्याचे शिपाई वाळवंटातून चालवत नेले, आणि त्यांतले हजारो परतले नाहीत.

पकडलो गेलो तर काय होईल, हे त्या बोटीवर कौलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो चढला. त्याला मी साम्राज्याचा नोकर म्हणू शकतो, आणि तो होताही. ज्या अरबांचं मीठ खाल्लं त्यांच्या नदीत त्यानं तोफा आणल्या, हेही खरं. पण तुर्कांनी त्याला मारलं ते त्याच्या कामापेक्षा त्याच्या जन्मामुळं. इंग्लंडात जन्मला असता तर तो कैदी म्हणून जगलाही असता.

हे वाचताना मला माझा चुलतभाऊ आठवतो. तो कुवेतला जन्मला, तिथल्या शाळेत शिकला, अरबी आमच्या मौलवींपेक्षा झकास बोलतो. १९९० मध्ये इराकी रणगाडे शिरले तेव्हा घरदार टाकून अम्मानमार्गे मुंबईला परतला. कुवेतनं त्याला कधी आपला म्हटलं नाही. तिथला जन्म नागरिकत्व देत नाही. आणि गावात आजही त्याची ओळख 'कुवेतवाला' हीच आहे. तो हसून म्हणतो, "भाई, मला दोन गावं आहेत, पण दोन्हीकडे पाहुणा." जन्म कुठला, निष्ठा कुठली, हा हिशेब कागदावर मांडणाऱ्यांना सोपा वाटतो. ज्याच्याकडून तो वारंवार मागितला जातो, त्यालाच त्याचं ओझं कळतं.

कौलीची कबर नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मात्र त्याचं नाव आहे. ते स्मारक १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, शहराबाहेर ओसाडीत नेऊन ठेवलं. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिशांची नावं कोरलेली आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदुस्थानी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या दिली होती. युद्धकबरींची जबाबदारी असलेल्या आयोगानं हा अन्याय २०२१ मध्ये अहवालातून मान्य केला.

कौलीला निदान त्याच्या नावानं गद्दार म्हणता आलं, नावानंच शूर म्हणता आलं. मदाईनपासून मगासीसपर्यंत त्याच दजलाच्या काठी आपल्या मुलखातले गणू आणि गफूर एकमेकांशेजारी मेले. त्यांच्यापैकी कुणाला खलिफाचं काय वाटलं, कुणी मरताना कृष्णेचं पाणी आठवलं, हे त्या दगडावर नाही. तिथं फक्त एक आकडा आहे, आणि त्या आकड्यात दोघं एकत्र मोजलेले आहेत.