सँडो

दुकानदारानं विचारलं, "बाह्यांचं देऊ की सँडो?" मी म्हटलं, "सँडोच द्या." गल्ल्यापाशी आम्हा दोघांपैकी कुणालाच तो माणूस आठवला नाही. बिनबाह्यांच्या बनियनला नाव त्याच्यावरूनच पडलं म्हणतात. फोटोत मात्र बुवा बहुधा उघडाच असतो.

*

युजीन सँडो हे घेतलेलं नाव. मूळचा फ्रिडरिख म्युलर, जन्म १८६७, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा. १८८९ साली लंडनमध्ये त्यानं सॅम्पसन नावाच्या शक्तिवीराला त्याच्याच रंगमंचावर हरवलं. तोवर तोही इतरांसारखाच वजनं उचलणारा गडी. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनाच्या वेळी झीगफेल्ड या नाटकवाल्यानं त्याला उभं केलं, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. लोक तिकीट काढतात वजन बघायला, आणि बघत बसतात दंड. मग वजनं मागे पडली, बेटकुळ्या पुढे आल्या.

१८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत त्याची छोटी फिल्म काढली. नुसता उभा राहतो, हात वळवतो, छाती फुगवतो. आपल्या तालमीतल्या वस्तादानं विचारलं असतं, "अरे, पण कुस्ती कधी?"

*

त्याचं डंबेल मला फार आवडतं. मुठीचे उभे दोन भाग, मधे स्प्रिंगा. व्यायाम करताना दोन्ही भाग सतत दाबून एकत्र धरायचे. मूठ सैलावली की ते लगेच फाकतात. म्हणजे वजन हलकं, पण लक्ष मात्र सगळं मुठीत. १८९७ मध्ये लंडनला व्यायामसंस्था, १८९८ मध्ये मासिक, शिवाय पोस्टानं धडे. पुढे कोको विकला, बायकांसाठी कॉर्सेटही विकलं! कोकोचा धंदा पहिल्या महायुद्धात बुडाला. १९२५ साली तो गेला, त्यानंतर कित्येक वर्षं कबरीवर नावसुद्धा नव्हतं.

*

साताऱ्याकडच्या औंधपर्यंत हा माल पोचला होता. तिथल्या राजघराण्यातल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १८९७ साली सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं इमानेइतबारे त्याबरहुकूम व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांचे कट्टर प्रचारक झाले. नमस्काराला स्प्रिंग लागत नाही, रबर तुटत नाही, जागा लागते सतरंजीएवढी. तरी मला वाटतं, रोज ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं, मोजून करायची शिस्त त्या दहा वर्षांतही मुरली असणार. हा आपला माझा अंदाज.

*

'मुंबई श्री', 'महाराष्ट्र श्री' या शरीरसौष्ठव स्पर्धांत दिवे, तेल लावलेली अंगं, पोझ आणि समोर पाटी घेऊन बसलेले परीक्षक असतात. या सगळ्याचं मूळ सँडोनं १४ सप्टेंबर १९०१ च्या रात्री भरवलेल्या स्पर्धेत आहे. लंडनचा अल्बर्ट हॉल खचाखच भरलेला. परीक्षक तिघे: शिल्पकार चार्ल्स लॉज, शेरलॉक होम्सवाला कोनन डॉईल आणि खुद्द सँडो. नुसत्या फुगीर स्नायूंना गुण नव्हते; प्रमाणबद्धता, तब्येत, कातडीचा पोतसुद्धा बघायचा होता. विल्यम मरे पहिला आला. बक्षीस म्हणजे सँडोचाच सोनेरी पुतळा. स्पर्धा आपली, मासिक आपलं, पुतळाही आपलाच. या माणसाला संकोच म्हणून नव्हता.

पुढे माँट्रियलच्या जो वीडरनं १९४० पासून हाच कित्ता गिरवला: आधी मासिक, मग संघटना, १९६५ मध्ये 'मिस्टर ऑलिम्पिया' ही स्पर्धा. तिच्या विजेत्याला आज मिळतो तो पुतळाही सँडोचाच.

*

अल्बर्ट हॉलमधल्या त्या रात्रीची पुढची गोष्ट डॉईलनं आठवणींत लिहून ठेवली आहे. मेजवानी आटोपून बाहेर पडतो तो विजेता पुतळा बगलेत मारून लंडनच्या अंधारात निघालेला. खिशात पैसे नाहीत. सकाळच्या गाडीपर्यंत रस्त्यानंच फिरायचा बेत. डॉईलनं त्याला आपल्या हॉटेलवर न्यायचं ठरवलं. घोडागाडी मिळेना. पहाटे तीनला दोघे पायी चाललेत, एकाच्या कवेत नागडा सोनेरी माणूस. हॉटेलच्या रखवालदाराला डॉईलनं बजावलं, नीट वाग, हा इंग्लंडातला सर्वांत ताकदवान गडी आहे. मग काय, झाडून सगळे नोकर त्याला बघायला गेले. तो पलंगावर, शेजारी पुतळा.

याचं करू काय, असं त्यानं डॉईललाच विचारलं. डॉईल म्हणाला, विकू नकोस. गावी व्यायामशाळा काढ आणि हा जाहिरातीला वापर.