काळजीचा हप्ता

हिंजवडीतली पर्मनंट नोकरी सोडून काँट्रॅक्टवर जायचं ठरवलं, तेव्हा अडलं ते बाबांच्या मधुमेहावर. कंपनीची ग्रुप पॉलिसी राजीनाम्याबरोबर संपणार. वेगळी काढली, तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षं थांबायची अट. मग ती पॉलिसी काढली आणि ३ वर्षं नोकरीतच राहिलो.

आता दर महिन्याला इनव्हॉइस मी पाठवतो. पीएफमधला कंपनीचा १२ टक्के वाटा, भरपगारी रजा, दोन कामांमधले रिकामे आठवडे, सगळं माझ्या तासाच्या दरातूनच काढायचं. ताप आला की त्या दिवसाचे पैसे नाहीत. म्हणून दर सांगताना आता जीभ अडखळत नाही. पगारातून फक्त कामाचे पैसे मिळत नव्हते. थोडी काळजीही कंपनी वाहत होती. तिचा हप्ता आता माझ्याकडे आहे.