तट, शवपेटी आणि केडगाव
(प्रवासाची दैनंदिनी : भाग तिसरा)

दिवस पहिला : वसई

ख्रिस्ती माणूस संकटात देवाचा आसरा घेतो म्हणजे नेमके काय करतो, हा या फेरीचा प्रश्न. त्याची सुरुवात वसईच्या किल्ल्यापासून केलेली बरी. या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा संघांची देवळे होती, त्यांच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तरी मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला आणि इथल्या घंटा विजयाची खूण म्हणून हिंदू देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. देऊळ जवळ असले म्हणजे देव जवळ असतोच असे नाही, हे बायबल फार आधी सांगून बसले आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इस्राएल लोक पलिष्ट्यांशी लढताना कराराचा कोश रणांगणावर आणतात, छावणीत जयघोष होतो, आणि तीस हजार माणसे पडून कोशही शत्रूच्या हाती जातो. कोशात दोष नव्हता. दोष तो हत्यारासारखा वापरण्यात होता. वसईचा हिशेब मात्र किल्ल्यापाशी मिटत नाही. पोर्तुगीज गेले, राजाश्रय गेला, तरी कुपारी आणि कोळी वस्त्यांतले ख्रिस्ती आजही आहेत. त्यांची श्रद्धा तटावर उभी असती तर तटाबरोबरच गेली असती.

दिवस दुसरा : कोकण रेल्वे

गाडीतल्या दिवसाला एक स्तोत्र पुरते : एक्क्याण्णवावे. परात्पराच्या आश्रयाला राहणाऱ्याचे रोगराईपासून, बाणांपासून रक्षण होते असे ते सांगते, म्हणून घरोघरी ते कवचासारखे म्हटले जाते. पण शुभवर्तमानात हेच स्तोत्र कोण म्हणून दाखवतो? सैतान. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, असे तो येशूला सुचवतो, आणि येशू नकार देतो. शब्द तेच, फरक ते कशासाठी वापरले यात आहे.

दिवस तिसरा : जुने गोवे

१६८३ मध्ये संभाजी महाराजांची फौज इथवर येऊन ठेपली तेव्हा पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर याने बॉम जेझू देवळात जाऊन संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड त्याच्या हाती ठेवला. पुढे मराठे माघारी वळले. भाविक याला चमत्कार म्हणतात. इतिहासकार शाह आलमच्या मोगल फौजेकडे बोट दाखवतात. वाद सोडून देऊ. याच शहरात, त्याच पवित्र देहाच्या सावलीत, रोगराईने माणसे हटवली आणि १८४३ मध्ये राजधानी रीतसर पणजीला गेली. शवपेटी कवच होती म्हणावे, तर मराठ्यांना अडवणारे कवच तापाला का अडवू शकले नाही?

यावर गोव्यातला भाविक रागावेल, आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे : गळ्यातला क्रूस, स्कॅप्युलर, दारातले पवित्र पाणी हे सगळे फोल म्हणायचे का? नाही. आईचा फोटो खिशात ठेवणारा मुलगा फोटोलाच आई समजत नाही. खूण आठवण देते तोवर ती कामाची. ती परस्पर काम करील असे मानले की प्रेषितांच्या कृत्यांतल्या स्केवाच्या सात मुलांची गत होते. येशूशी ओळख नसताना त्याच्या नावाने भुते काढायला गेले आणि उघडेनागडे, जखमी होऊन पळाले.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. देवाच्या जवळ आहोत असे तर कुणीही म्हणेल. श्रद्धेच्या रक्षणाच्या नावाखाली १५६० मध्ये याच शहरात इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) बसले आणि मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. ते चालवणाऱ्यांनाही आपण देवाच्या अगदी निकट आहोत असेच वाटत असणार. म्हणून जवळीक नुसत्या भावनेवर मोजता येत नाही. याकोबाच्या पत्रातला क्रम पाहावा : आधी देवाच्या अधीन होणे, मग सैतानाला अडवणे, मग देवाजवळ जाणे. अधीन होण्याची पायरी गाळली की माणूस स्वतःच्या भीतीचे रक्षण करतो आणि त्याला देवाचे नाव देतो. शिवाय येशूने द्राक्षवेलाचा दृष्टांत दिला, त्यात फांदी वेलाला धरून आहे की नाही हे फळावरून कळते, आणि ते फळ प्रीतीचे. या कसाला इन्क्विझिशन उतरत नाही.

दिवस पाचवा : केडगाव

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडातला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता, हे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे बाप्तिस्मा होता, नाव होते, सान्निध्य नव्हते. ते लाभल्यावर त्यांच्यावरचे आघात थांबले का? आईवडील आणि बहीण दुष्काळाने आधीच नेले होते, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेले होते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. मग वाचले काय, असे विचारणाऱ्याला त्यांनी इथे केडगावात उभारलेले मुक्ती मिशन दाखवावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, विधवा, पुढे अंध बायका इथे राहिल्या, शिकल्या. दुःखाने माणूस आत मिटतो. रमाबाई मिटल्या नाहीत. सान्निध्याने राखायचे ते हेच, असे माझे मत आहे. पौलाच्या शरीरातला काटाही तीनदा प्रार्थना करून निघाला नव्हता.

मुलगी गेल्यावरही रमाबाईंचे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालूच होते. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

(क्रमशः)