हजेरी

रोटरीची साप्ताहिक बैठक म्हटली की बाहेरच्यांना घंटा, हारतुरे आणि चहाफराळच आठवतो. धाराशिवसारख्या पाण्याला तहानलेल्या जिल्ह्यात ही टीका आम्हां सभासदांना बोचते. ती सर्वस्वी खोटीही नाही. कामापेक्षा आभारप्रदर्शन लांबलेले आम्ही पाहिले आहे.

तरीही आम्ही बैठकीची बाजू घेतो. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती जमले ते स्नेहासाठी. सेवा मागाहून आली. एकमेकांच्या कचेऱ्यांत पाळीपाळीने भेटत, म्हणून नाव रोटरी. हा क्रम अर्थपूर्ण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात देशभरातून मदत लोटली. संकटात धावून जाणे माणसाला उपजतच येते. संकट जुने झाल्यावरही जात राहणे मात्र सवयीनेच साधते. रोटरीने पोलिओचे काम १९८५ साली अंगावर घेतले. भारत पोलिओमुक्त ठरला २०१४ साली. मधली २९ वर्षे नुसत्या उत्साहावर निघाली नसती. आरोग्यसेविकांच्या जोडीला रविवारी कोणत्या केंद्रावर कोण बसणार, ही रूक्ष यादी बैठकीतच होते.

२०१६ पासून दर आठवड्याच्या बैठकीची सक्ती उरलेली नाही. महिन्यातून दोन पुरतात. सवलत सोयीची खरीच. पण हजेरी घेणारेच कोणी नसले, तर ठरलेल्या वस्तीत आपण गेलो नाही, हे वस्तीखेरीज कोणाच्या ध्यानात येणार?