पक्षपात्यांचे मौन

नाट्याच्या प्रेक्षकाविषयी आपल्या साहित्यशास्त्राने जेवढा सूक्ष्म विचार केला आहे, त्याच्या शतांशानेही खेळाच्या प्रेक्षकाविषयी झालेला नाही. याचे कारण उघड आहे. नाट्यगृहातील सहृदयाने आपले खाजगी सुखदुःख दाराबाहेर ठेवून आत यावे, अशी शास्त्राची अपेक्षा असते. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या वाटेतील जी सात विघ्ने सांगितली, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासलेले असणे, हे एक आहे. आपला संघ जिंकावा म्हणून मैदानावर आलेला माणूस हे विघ्न सोबत घेऊनच येतो. किंबहुना ते नसेल तर त्याच्या येण्याला काही अर्थच उरत नाही. शाकुंतलाचा शेवट ठाऊक असूनही आपण ते नाटक पुन्हा पाहतो. सामन्याचा शेवट मात्र कोणालाच, अगदी खेळणाऱ्यांनाही, ठाऊक नसतो. तेथील भय आणि आशा ही लौकिक असतात, आणि म्हणून शास्त्राच्या दृष्टीने तो प्रेक्षक रसिक ठरत नाही. तो केवळ पक्षपाती असतो.

हा भेद मला मान्य आहे. परंतु या भेदाच्या नेमक्या सीमारेषेवर उभा असलेला एक प्रेक्षकवर्ग मी आयर्लंडमध्ये पाहिला. तो पक्षपाती होता आणि तरीही काही क्षणांपुरता, स्वेच्छेने, आपल्या पक्षपातावर ताबा ठेवीत होता. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे वाटते.

रग्बी हा खेळ आपल्या बहुसंख्य वाचकांना दूरचा आहे. वस्तुतः त्याचे आपल्याशी एक जुने नाते आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ ज्या करंडकासाठी १८७९ पासून खेळत आले आहेत, त्याचे नाव ‘कलकत्ता कप’ असे आहे. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून तो करंडक घडवण्यात आला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. क्लब गेला, करंडक उरला, आणि खेळ आपल्याकडे काही जिमखान्यांच्या कुंपणाआड राहिला. या खेळात प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटांचा असतो. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, तो मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. म्हणजे पुढे जायचे ते स्वतः धावत, अंगावर येणाऱ्यांना अंगावर घेत. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’चे पाच गुण मिळतात. त्यानंतर उंच खांबांच्या मधून चेंडू मारला तर ‘कन्व्हर्जन’चे आणखी दोन, आणि प्रतिपक्षाच्या नियमभंगामुळे मिळालेली पेनल्टी साधली तर तीन. या किकच्या वेळी सारा खेळ थांबतो. इतका वेळ चिखलात एकमेकांशी झुंजणारे तीस जण बाजूला होतात आणि एकच माणूस चेंडूसमोर एकटा उभा राहतो. माझा विषय हा एकटा माणूस आणि त्याच्याकडे पाहणारे हजारो लोक, हाच आहे.

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला मन्स्टर हा प्रांत आहे आणि शॅनन नदीच्या काठी वसलेले लिमरिक हे त्याचे एक प्रमुख शहर. डब्लिनमध्ये रग्बी हा प्रामुख्याने सुखवस्तू घरांतील मुलांच्या शाळांचा खेळ मानला जातो. लिमरिकमध्ये मात्र तो गोदीत राबणाऱ्याचा आहे तसाच डॉक्टरचाही आहे. या शहरातील थॉमंड पार्क मैदानावर ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी मन्स्टरने न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ संघाला १२–० असे हरवले. खुद्द आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाला न्यूझीलंडला हरवण्यासाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले, एवढे सांगितले तरी त्या विजयाचे मोल कळेल. त्या दिवशी मैदानात सुमारे बारा हजार प्रेक्षक होते. पुढे मात्र आपण तेथे होतो असे सांगणाऱ्यांची संख्या लाखावर गेली, असा विनोद लिमरिककर स्वतःच सांगतात. जॉन ब्रीन या नाटककाराने १९९९ मध्ये या सामन्यावर ‘अलोन इट स्टँड्स’ हे नाटक लिहिले. त्यात सहाच नट सर्व खेळाडूंच्या आणि गावकऱ्यांच्या भूमिका करतात. ज्याला आपण आख्यायिका म्हणतो, ती अशी लोकांच्या खोट्या साक्षीतून आणि खऱ्या प्रेमातून तयार होत असते.

ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियन हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला. शेजारच्या गल्लीतला मुलगा आता पगारी खेळाडू झाला, आणि पगार देऊन दूरदेशीचे खेळाडूही आणता येऊ लागले. अशा वेळी प्रेक्षकाच्या तोंडचा ‘आम्ही’ हा शब्द पोकळ व्हावा, असे तर्काने वाटते. लिमरिकमध्ये तसे झाले नाही. २००० साली युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात मन्स्टर नॉर्दॅम्प्टनकडून ९–८ असा, केवळ एका गुणाने हरला. अखेरच्या मिनिटांतली एक पेनल्टी खांबाच्या थोडी बाहेरून गेली. २००२ मध्ये लेस्टरकडून पुन्हा पराभव झाला. त्या सामन्याच्या शेवटी नील बॅक या खेळाडूने मन्स्टरच्या हातातला चेंडू पंचांच्या नकळत हाताने उडवला, ही तक्रार तिथे अजूनही काल घडल्यासारखी सांगितली जाते. २००६ मध्ये अखेर चषक मिळाला, तेव्हा कार्डिफच्या मैदानातील पडद्यावर लिमरिकच्या रस्त्यात जमलेली गर्दी दाखवण्यात आली. म्हणजे हे लोक काही विरागी नव्हेत. त्यांना जिंकायचे असते, आणि अन्याय ते विसरत नाहीत. पुढे सांगितलेल्या प्रसंगाचे महत्त्व यामुळेच आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी आयर्लंडमध्ये होतो आणि परतण्यापूर्वी दोन दिवस लिमरिकला एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी उतरलो होतो. “सर, आज संध्याकाळी या गावात दुसरे काहीच होणार नाही, तेव्हा तुम्हीही चलाच,” असे म्हणून ती आणि तिचे यजमान मला मैदानाजवळच्या एका पबमध्ये घेऊन गेले. नव्याने बांधलेल्या थॉमंड पार्कवर त्या मंगळवारी, १८ तारखेला, मन्स्टर आणि न्यूझीलंड यांचा सामना होता. तिकिटे मिळणे अशक्यच होते. आमच्या बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ होते. आयुष्यभर गोदीत काम केलेले. १९७८ च्या सामन्याला आपण धाकट्या भावाबरोबर गेलो होतो आणि तो भाऊ आता नाही, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले. ते त्या लाखांतले होते की त्या बारा हजारांतले, हे विचारण्याचे मला धाडस झाले नाही.

मन्स्टरचे अनेक नामांकित खेळाडू राष्ट्रीय संघाच्या कामात गुंतलेले असल्याने त्या दिवशी नव्हते. सामन्याआधी मन्स्टरकडून खेळणाऱ्या चार न्यूझीलंडवासीयांनी, त्यांत डग हाउलेट आणि रुआ तिपोकी हे होते, आपल्याच देशाच्या संघासमोर हाका हे माओरी आव्हाननृत्य केले. मैदान गर्जून उठले. नंतर पाहुण्या संघाने आपला हाका सुरू केला, तेव्हा तेच मैदान एकदम शांत झाले. मध्यंतराला मन्स्टर १६–१० असा पुढे होता. उत्तरार्धात न्यूझीलंडने एक पेनल्टी साधली, १६–१३. घड्याळ पुढे सरकत होते, आणि तीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडणार, या कल्पनेने पबमधल्या माणसांना बसवेना. शेवटची काही मिनिटे उरली असताना डाव्या कडेने जो रोकोथोको याने ट्राय केली. १८–१६.

त्यानंतर स्टीफन डोनाल्ड कन्व्हर्जनसाठी चेंडू ठेवू लागला. ज्या लोकांच्या हातातून तीस वर्षांचे स्वप्न नुकतेच हिसकावले गेले होते, ते हजारो लोक गप्प झाले. थॉमंड पार्कची ही रीत आहे: किक घेणारा आपला असो वा परका, त्याचा पाय चेंडूला लागेपर्यंत कोणी आवाज करायचा नाही. मला नवल वाटले ते मैदानाचे नव्हे. आमचा पबही गप्प झाला होता. पेल्यांचा आवाज थांबला. दारातून आत येणारा एक तरुण, पडद्याकडे पाहून, दार हातात धरूनच उभा राहिला. किक चुकली. मग एक मोठा निःश्वास, पुन्हा आरडाओरडा, गाणी, विनवण्या; पण गुणफलक तोच राहिला. सामना संपल्यावर शेजारचे गृहस्थ एवढेच म्हणाले की आम्ही दोन गुणांनी हरलो. मग त्यांनी भावाचे नाव घेतले आणि काही वेळ कोणाशी बोलले नाहीत. थोड्या वेळाने पबमधल्या लोकांनी पडद्यावरच्या दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते उठून उभे राहिले.

या मौनाचा अर्थ कसा लावायचा? काही जण म्हणतात की ते सौजन्य नसून शस्त्र आहे. शिट्ट्या आणि हुर्यो यांची सवय झालेल्या परक्या खेळाडूला एवढी शांतता अधिक अस्वस्थ करते. फ्रान्समधील अनेक मैदानांवर किकच्या वेळी शिट्ट्यांचा गदारोळ होतो, आणि त्यापेक्षा लिमरिकची शांतता कठीण, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य असू शकेल. परंतु पबमधल्या मौनाला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. डोनाल्डला आमची शांतता ऐकू येणार नव्हती. तिच्याने त्याला धीरही मिळणार नव्हता आणि तो विचलितही होणार नव्हता. ज्या मौनाचा कोणालाच उपयोग नाही, ते पाळणारा माणूस ते स्वतःसाठी पाळत असतो. एक माणूस एक अवघड गोष्ट करू पाहत आहे. ती नीट पाहायची असेल तर आपला आवाज मध्ये येता कामा नये, एवढीच त्यामागची समजूत.

येथे एका भारतीय प्रसंगाची आठवण अपरिहार्य आहे. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने भारताला कसोटीत १२ धावांनी हरवले. सचिन तेंडुलकरची १३६ धावांची खेळी व्यर्थ गेली, आणि तरीही प्रेक्षकांनी उभे राहून विजयी पाकिस्तानी संघाला टाळ्यांनी गौरवले. त्या संघाने मैदानाला फेरी मारून त्या टाळ्यांचा स्वीकार केला. त्या प्रेक्षकांविषयी मला नितांत आदर आहे. मात्र टाळी आणि मौन यांत एक फरक करावा लागतो. टाळी निकालानंतर येते. हानी होऊन गेलेली असते, आणि औदार्याला वाट मोकळी असते. मौन निकालापूर्वीचे असते. किक साधली तर आपले आणखी नुकसान होणार, हे ठाऊक असताना, ती चुकावी असे मनातून हवे असताना, ते पाळायचे असते. टाळीत मनाचा मोठेपणा दिसतो. मौनात मनाची शिस्त दिसते, आणि ती अधिक दुर्मिळ आहे.

रसशास्त्राची भाषा वापरायची तर भट्टनायकाने सांगितलेले साधारणीकरण येथे पूर्णपणे होत नाही. त्या गृहस्थांचा भाऊ त्यांचाच राहतो, त्यांचा संघ त्यांचाच राहतो, पराभवाचे दुःखही लौकिकच राहते. निजसुखादिविवशीभाव नाहीसा होत नाही. त्याला फक्त क्षणभर थांबवून धरले जाते. शास्त्रातला सहृदय हा विघ्नांपासून मुक्त असतो. लिमरिकचा प्रेक्षक विघ्नासह जगतो आणि तरीही पाहतो. माणसाच्या आवाक्यातली गोष्ट कदाचित हीच असावी.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे मांडण्याचे कारण उघड आहे. मराठी समीक्षेत ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या फडके–खांडेकर वादापासून आजच्या निरनिराळ्या प्रवाहांपर्यंत आपण सारे कोणत्या ना कोणत्या बाजूला उभे राहून वाचत आलो आहोत. त्यात गैर काही नाही. बाजू नसलेला वाचक बहुधा आस्था नसलेलाही असतो, आणि ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याच्या निःपक्षपातीपणाला फारशी किंमत नसते. दलित आत्मकथने वाचताना ज्यांच्या पोटात कालवले नाही, त्यांच्या तटस्थतेचे कौतुक कोणी करावे? परंतु बाजू असणे वेगळे आणि परक्या बाजूचा लेखक चेंडूसमोर उभा असताना आपण शिट्ट्या मारणे वेगळे. परीक्षणे वाचताना अनेकदा असे जाणवते की पुस्तक उघडण्यापूर्वीच गोंगाट सुरू झालेला आहे. आपल्या लेखकासाठी जयघोष, दुसऱ्याच्या लेखकासाठी हुर्यो. मध्ये जे घडले, म्हणजे त्या लेखकाने कोणती अवघड गोष्ट करून पाहिली आणि ती साधली की हुकली, ते मात्र कोणी पाहिलेलेच नसते.

समीक्षकाकडून संतत्वाची अपेक्षा नाही. ऐंशी मिनिटांतली पंचाहत्तर मिनिटे त्याने आपल्या पक्षासाठी खुशाल ओरडावे, जुने अन्याय आठवावेत, हरल्यावर हळहळावे. फक्त एखादा लेखक, मग तो कोणत्याही बाजूचा असो, आपल्या सर्व सामर्थ्यानिशी एका वाक्यासमोर एकटा उभा असेल, तेव्हा तेवढा वेळ गप्प राहून पाहावे. त्या लेखकाला आपले मौन ऐकू जाणार नाही. तो दूर असेल, कदाचित केव्हाच मरून गेलेला असेल. तरीही ते पाळावे.