दमा आहे का?

लग्नाला २२ वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून समुद्र पाहिलेला नाही. देवणीहून पंढरपूर झालं, तिरुपती झालं, तुळजापूर तर दरवर्षीचंच. पण ते सगळं घरदार गाडीत घालून. दोघंच कुठं निघायचं म्हटलं की सोयाबीनची रास नाहीतर कुणाचं तरी लग्न आडवं यायचं. या जूनमध्ये मुलगी शिकायला लातूरला गेली. एका रात्री जेवताना ही म्हणाली, “अहो, यंदा मालवणला जाऊत की. ते पाण्याखालचं बघूत.”

मी लगेच वही काढली. देवणी, लातूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि मग घाट उतरून मालवण. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. मिरज लिहिताना हात थबकला. २०१६च्या एप्रिलमध्ये याच मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात इकडं सगळ्यांनीच घागरी मोजून दिवस काढले. आणि आता आम्ही पाण्यात बुडी मारायला एवढ्या लांब निघालो होतो.

तारखा डिसेंबरच्या धरल्या. पावसाळ्यात तिथलं हे सगळं बंद असतं, आणि पाऊस सरल्यावरही समुद्राचं गढूळ पाणी निवळायला वेळ लागतो.

आमच्याकडं पोवळं म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालायचा लाल खडा. मालवणचं प्रवाळ ते नव्हे, हे वाचल्यावर कळलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यातल्या खडकांवर वाढतात ते दगडी प्रवाळ. दगडासारखे दिसले तरी जिवंत; चिमुकल्या जिवांनी चुन्याचं घर बांधत बांधत केलेली वसाहत. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं. दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत जागा आहे. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न देतं, रंगही देतं. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानाच्याही वर अंशभर तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. जगभर चौथ्यांदा असं घडतंय, हे शास्त्रज्ञांनी २०२४च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं.

“म्हणजे ऐन उन्हात चारा तुटला,” ही म्हणाली. ज्या गावाच्या नावानं गाईबैलांची जात ओळखली जाते, तिथल्या बाईला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

मग मोबाइलवर फॉर्म आला. पाण्याखाली जाण्याआधी भरायचा. हृदयविकार आहे का, कानाचा त्रास आहे का, फिट येते का, दमा आहे का. समोर दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’.

हिला दमा आहे. रोजचा नाही, पण रास चालू असली, धूळ उडाली की पंप लागतो. मी फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “काका, ‘नाही’वर टिक करा. पंधरा मिनिटांचं काम, तेवढं कोण बघतंय?”

खरं सांगतो, माझं बोट ‘नाही’वर गेलं होतं. २२ वर्षांनी एक गोष्ट ठरवली आणि ती एका चौकोनापाशी अडली, याचाच राग होता. ही समोर बसली होती. काही बोलली नाही. मी काय करतो ते बघत होती.

मी मोबाइल खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी उदगीरला तिच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी कागदावर फुगा काढला. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो; तिथं सिलिंडरमधली हवा छातीत भरून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. श्वास सोडत वर आलं की ती निघून जाते. पण दम्यानं श्वासनळ्या आवळल्या तर हवा आत अडकते, आणि फुप्फुस फाटू शकतं.

“आणि फार खोल गेलंच नाही तर?” मी विचारलं.

“वरच्या चार-दोन मीटरांतच हवा सगळ्यात झपाट्यानं फुगते,” ते म्हणाले.

परतताना मी गप्प होतो. त्या मुलाला दोष देणं सोपं होतं. त्यानं हिला कधी पाहिलंही नव्हतं. रात्री-अपरात्री पंप शोधून हातात देणारा मी, आणि बोट माझंच गेलं होतं. “तेवढं कोण बघतंय” हे मलाही पटलंच होतं की. प्रवाळावर पाय देऊन उभं राहणाऱ्यालाही हेच पटत असणार.

घरी आल्यावर ही म्हणाली, “तुम्ही जा खाली. मला किल्ल्यातल्या विहिरी बघायच्यात.” माझ्या वहीचं पुढचं पान तिनं वाचलं होतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. “समुद्रात गोडं पाणी लागलं लोकांना,” ती म्हणाली, “आपल्याकडं बोअर कोरडे जातात.”

रात्री तिनं माझा फॉर्म भरायला घेतला. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होती. एका ठिकाणी थांबली.

“बीपीची गोळी चालू आहे ना तुमची?”

“ती काय, अर्धीच तर आहे.”

तिनं ‘हो’वर टिक केली.

आता सोमवारी मला उदगीरला जायचंय. डॉक्टर काय म्हणतात ते बघूत. मालवणची खोली दोघांसाठी घेतलेली आहे, आणि विहिरी बघायला फॉर्म लागत नाही.